‘फक्त कम्युनिटी कॉलेज’मधल्या बाईंचं मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि मंडळाच्या कार्यक्रमांना मुलांना घेऊन येणारे पालक

सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा कार्यक्रम सोडला, तर आपल्या मंडळांत हॉल भरतो तो मुलांच्या कॉलेज-प्रवेशाच्या मार्गदर्शनाला. मंचावर कोण असणार हे आता तोंडपाठ झालंय. बर्कलीला किंवा स्टॅनफर्डला लागलेली दोन मुलं, एक डॉक्टर, एखाद्या मोठ्या कंपनीतले डायरेक्टर, आणि प्रवेशाचे निबंध तपासून द्यायचे भरभक्कम पैसे घेणारे एक खाजगी सल्लागार. शेवटी प्रश्नोत्तरं होतात. मागच्या रांगेतून कुणीतरी चाचरत विचारतं, “कम्युनिटी कॉलेजचं काय?” मंचावरून उत्तर येतं, “अहो, ते कुठे पळून जातंय? ते आहेच. आधी चांगल्या कॉलेजांचं बोलू.” थोडा हशा होतो आणि माइक पुढच्या माणसाकडे जातो.

मी त्या ‘आहेच’मध्ये गणित शिकवते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः पदवीची पहिली दोन वर्षं कमी फीत शिकवणारं, येईल त्याला प्रवेश देणारं सरकारी कॉलेज; तिथून पुढे युनिव्हर्सिटीत बदली, म्हणजे ट्रान्सफर, घेता येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात, कॅलिफोर्नियातल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांपैकी एकात. आधी बरीच वर्षं पार्ट-टाइम शिकवलं, आता पूर्ण वेळ आहे. हे पत्र रुसून लिहिलेलं नाही. मला सांगायचंय ते इतकंच, की आपल्याकडे या कॉलेजांबद्दल जे काही बोललं जातं ते फीबद्दल, ट्रान्सफरबद्दल, आणि ‘तिथे कसली मुलं येतात’ याबद्दल असतं. तिथे शिकवणारी माणसं कोण, त्यांचं काम नेमकं काय, हा विषय निघत नाही. निघालाच तर असा निघतो: “युनिव्हर्सिटीत नाही का जमलं?”

काहींना नाही जमलं, खरं आहे. पुष्कळांनी प्रयत्नच केला नाही, कारण त्यांना हेच करायचं होतं. शिकवणं ही आमच्याकडे संशोधनातून वेळ काढून करायची गोष्ट नाही. आमची नोकरी, आमची बढती, आमची अब्रू सगळी त्याच एका कामावर आहे. एवढं जरी मंडळाच्या हॉलमध्ये पोचलं तरी पुष्कळ झालं.

आधी एक गंमत सांगते. जून उजाडला, की माझ्या उन्हाळी कॅल्क्युलसच्या वर्गातल्या पुढच्या रांगा आपल्या मुलांनी भरतात. पंधरा-सोळा वर्षांची, हायस्कूलमधली मुलं. डी अँझा, फूटहिल, ओहलोनी, इथल्या कुठल्याही कम्युनिटी कॉलेजात डोकावलंत तरी चित्र हेच दिसेल. हायस्कूलच्या मुलांना इथे फी जवळपास माफच असते, सहा आठवड्यांत कोर्स संपतो, आणि युनिव्हर्सिटीच्या अर्जावर तो झकास दिसतो. तेव्हा आमचं कॉलेज पालकांना चालतं. कोर्सचा दर्जा चालतो, माझी ग्रेड चालते. बारावीनंतर त्याच मुलानं त्याच खोलीत त्याच बाईंकडे पुढचं कॅल्क्युलस घ्यायचं म्हटलं, की घरात सुतक पडतं.

मग पॉटलकला गाठ पडते. “आमचा मुलगा कसा करतोय हो तुमच्याकडे?” मी म्हणते, मला सांगता येत नाही. लोकांना वाटतं, बाई भाव खातात. पण १९७४ पासून इथे फेर्पा नावाचा केंद्र सरकारचा कायदा आहे. मूल कॉलेजच्या वर्गात बसलं, की वय पंधरा असो की पन्नास, त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा. आईवडिलांशी त्याच्या मार्कांबद्दल बोलायचं तर त्यानं लेखी परवानगी द्यायला हवी. एक काका चांगलेच तापले होते: “अहो, पण फी आम्ही भरतो!” फी माफ होती, हे त्यांना सांगितलं नाही. तेही बहुधा त्या नोंदींतच मोडत असावं.

हसू येतं, पण आमच्या कामाची एक सीमा यातून कळते. समोर बसलेला मुलगा माझ्यापुरता प्रौढ आहे. त्याच्या शेजारी बसलेली चाळिशीची बाई रात्रपाळी करून आलेली नर्सिंग असिस्टंट आहे. तिच्या मागे इराकमधून परत आलेला माजी सैनिक आहे, आणि कोपऱ्यात ग्वाटेमालाहून आलेला, दिवसभर छपरं घालणारा मुलगा आहे. चौघांना एकच पुस्तक, एकच परीक्षा. हायस्कूलच्या शिक्षकाला एकाच वयाची मुलं मिळतात, युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापकाला चाळणीतून गाळून आलेली. आमच्याकडे चाळणीच नाही.

ती नसावी, हे ठरवून झालंय. इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजचं तेव्हाचं नाव) निघालं तेव्हा सहा विद्यार्थी होते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची कल्पना अशी, की पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण विद्यापीठाच्या गळ्यातून काढावं, म्हणजे विद्यापीठाला संशोधनाकडे बघता येईल. म्हणजे विद्यापीठाला नको असलेलं काम, असा आमचा जन्म. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगानं त्याला वेगळा अर्थ दिला: गावोगावी अशी कॉलेजं असावीत, घरापासून जाता-येता येईल अशी, कमी खर्चात, सगळ्यांसाठी. त्याच वर्षी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील छत्रपती शिवाजी कॉलेज उभं करत होते, ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. दोघांना एकमेकांची खबर असायचं कारण नाही. पण ज्यांचे आजोबा रयतच्या वसतिगृहात राहून, शेतात राबून शिकले, त्यांच्या नातवंडांना कम्युनिटी कॉलेजची कल्पना समजावून सांगावी लागते, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

कॅलिफोर्नियानं १९६० साली तर कामाची वाटणी कागदावरच मांडली. हायस्कूलमधले वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे, वरचे एक तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीकडे, आणि येईल तो आमच्याकडे. संशोधन त्यांनी करायचं, आम्ही शिकवायचं. त्याच वर्षी बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञानं एक लेख लिहिला. सॅन होजेतल्या ज्युनिअर कॉलेजचा त्यानं अभ्यास केला होता. त्याचं म्हणणं असं, की या कॉलेजांचं न बोललेलं काम म्हणजे मुलांच्या महत्त्वाकांक्षा हळूहळू थंड करणं. मोठी स्वप्नं घेऊन आलेल्याला दुखवायचं नाही, पण त्याला छोट्या वाटेवर वळवायचं. हा घाव आमच्या लोकांना अजून दुखतो. साठहून जास्त वर्षांपूर्वीचा लेख आहे, पण स्टाफरूममध्ये त्याचं नाव निघालं की कुणीतरी कॉफीचा कप जरा जोरातच खाली ठेवतं. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते कुठे होतं, त्यावर येतेच.

आमचं काम कसं दिसतं ते आधी जवळून दाखवते.

पूर्ण वेळ शिक्षकाला आठवड्याला १५ तास वर्गात उभं राहायचं असतं. युनिव्हर्सिटीतल्या संशोधक प्राध्यापकाला हा आकडा सांगून बघा. उरलेल्या वेळात तपासणी, ऑफिस-अवर (विद्यार्थ्यांनी येऊन शंका विचारायची ठरलेली वेळ), समित्या. अलीकडे त्यात नवी भर पडली आहे ती भुतं ओळखायची. ऑनलाइन वर्गांत खोट्या नावांनी नोंदणी करून आर्थिक मदतीचे पैसे लाटणाऱ्या टोळ्या आहेत, त्यामुळे पहिल्या आठवड्यात हजेरीपटावर खरं माणूस कोण आणि बॉट कोण हे शिक्षकानं हुडकायचं. एम.एस्सी. करताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरं काम फळ्याशी आहे. बीजगणितात एक चूक अशी आहे, की ती मी दर सेमिस्टरला बघते. (क्ष + ३)² म्हणजे किती? विद्यार्थी लिहितो, क्ष² + ९. नवा शिक्षक लाल पेनानं खोडतो आणि मधलं ६क्ष लिहून देतो. विद्यार्थी मान डोलावतो आणि पुढच्या परीक्षेत पुन्हा क्ष² + ९ लिहितो. थोडा मुरलेला शिक्षक म्हणतो, क्ष च्या जागी १ घाल. डावीकडे १६ येतात, उजवीकडे १०. विद्यार्थी चकित होतो, चूक मान्य करतो, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच लिहितो. कारण त्याची चूक विसरण्यातून आलेली नाही. त्याच्या मनात एक नियम घट्ट बसलाय, की कंसाबाहेर जे असेल ते आतल्या प्रत्येकाला वाटून टाकायचं. २(क्ष + ३) ला तो नियम बरोबर चालतो, मग वर वर्गाचा २ असेल तर का चालू नये? तो नियम उखडायचा असेल तर मी कागदाचा चौरस काढायला लावते, बाजू क्ष + ३. एका कोपऱ्यात क्ष चा चौरस, समोरच्या कोपऱ्यात ३ चा. आणि मग विचारते, उरलेल्या दोन पट्ट्यांचं काय करायचं? त्या दोन पट्ट्या ज्यानं स्वतःच्या हातानं रंगवल्या, तो सहसा परत चुकत नाही. छपरं घालणाऱ्या त्या मुलाला तर मी शब्दही बोलले नव्हते, चौरस काढला तेव्हा तोच म्हणाला, “मग मटेरियल कमी पडेल.”

ही चूक का होते, कुणाची कशामुळे होते, कुठल्या वयाच्या माणसाला कुठून सोडवायची, हे ज्ञान गणिताच्या पदवीत मिळत नाही आणि बी.एड.च्या पुस्तकातही पुरतं मिळत नाही. ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञानं १९८६ साली हे मांडलं, की विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याची पद्धत यांच्या मधोमध शिक्षकाचं म्हणून एक तिसरं ज्ञान असतं. आमचा व्यवसाय त्या तिसऱ्या ज्ञानावर उभा आहे. डॉक्टरच्या हाताला जसं पोट तपासून कळतं तसं आम्हाला उत्तरपत्रिकेवरून कळतं.

आता खरं सांगायचं तर, आपण कोण हे आमच्यातही सगळ्यांना एकसारखं ठाऊक नसतं. नर्सिंग शिकवणाऱ्या मैत्रिणीला विचारा, ती म्हणेल मी नर्स. वेल्डिंग शिकवणारे गृहस्थ वीस वर्षं शिकवून अजून स्वतःला वेल्डरच म्हणवतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. त्यांची ओळख धंद्यातून आली, ती घेऊन ते वर्गात आले. अडचण आमची, इतिहास-गणित-इंग्रजीवाल्यांची. आम्ही विद्यापीठांत घडलो, तिथल्या गुरूंसारखं व्हायची स्वप्नं बघितली, आणि मग अशा ठिकाणी आलो जिथे शोधनिबंध लिहिला काय नि न लिहिला काय, कुणी विचारत नाही. मी गणिती आहे का? गणिताची मास्तरीण आहे? कॅलिफोर्नियात आमच्या नोकरीला त्या विषयातली मास्टर्स लागते, पीएच.डी. लागत नाही. तरीही अनेकांकडे असते, आणि मग ‘डॉक्टर’ म्हणवून घ्यायचं की नाही यावर कॉरिडॉरमध्ये दोन तट पडतात.

हा वाद सगळ्या देशानं एकदा पाहिला. जिल बायडन २००९ पासून नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या, उपाध्यक्षांची पत्नी असताना शिकवल्या, आणि पुढे फर्स्ट लेडी झाल्यावरही पगारी नोकरी म्हणून शिकवत राहिल्या. त्यांची डॉक्टरेट शिक्षणशास्त्रातली, विषय कम्युनिटी कॉलेजमधले विद्यार्थी टिकवून कसे ठेवायचे हा. डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्रात लेख आला, की बाईंनी नावाआधीचं ‘डॉक्टर’ काढून टाकावं, ते हास्यास्पद वाटतं. गदारोळ झाला तो मुख्यतः बाईमाणसाच्या अपमानावरून, आणि तो रास्तच होता. आम्हाला मात्र त्यात आणखी एक टोचणी दिसली. प्रबंध कम्युनिटी कॉलेजवर नसता, नोकरी कम्युनिटी कॉलेजात नसती, तर ही चेष्टा इतकी सहज सुचली असती का?

कायद्यानंही आमची ओळख बरीच वर्षं लोंबकळत ठेवली. पूर्वी कॅलिफोर्नियात आमच्या शिक्षकाला शाळाशिक्षकासारखं राज्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागे. १९८८ च्या एबी (असेंब्ली बिल) १७२५ या कायद्यानं ते गेलं, उच्च शिक्षणातला एक घटक म्हणून आमचं स्थान पक्कं झालं, आणि अभ्यासक्रम, ग्रेड, पदवीच्या अटी यांत शिक्षकांच्या सिनेटचं मत घेतलंच पाहिजे असं ठरलं. व्यवसाय म्हणजे काय, तर आपल्या कामाचे निर्णय आपण घेणं. ते आम्हाला तेव्हा मिळालं.

आणि २०१७ मध्ये त्यातला एक मोठा लचका निघाला. इथे क्लार्कच्या लेखातलं तथ्य येतं. पूर्वी आमच्याकडे येणाऱ्या मुलाची प्लेसमेंट टेस्ट व्हायची. अर्ध्या-पाऊण तासाच्या त्या परीक्षेत कुणी अडखळला, की त्याला ट्रान्सफरला लागणाऱ्या गणिताच्या तीन-तीन पायऱ्या खाली बसवायचे. अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग मधलं बीजगणित. दीड-दोन वर्षं. यातलं एकही युनिट (क्रेडिट) पुढच्या पदवीला लागू नाही. वाटेत बहुतेक मुलं गळायची, आणि त्यांत काळी आणि लॅटिनो मुलं जास्त असायची. एबी ७०५ कायद्यानं सांगितलं, की टेस्ट बंद, हायस्कूलचे मार्क बघा, आणि मुलाला थेट वरच्या कोर्सात बसवा, हवी तर जोडीला मदत द्या. २०२२ च्या एबी १७०५ नं ते आणखी आवळलं.

गणिताच्या विभागांत त्यावरून भांडणं झाली, अजून चालू आहेत. जुने सहकारी म्हणतात, कुणाला काय शिकवायचं हे आमदार ठरवणार असतील तर आम्ही काय फक्त कारकून? तरुण सहकारी म्हणतात, तुमच्या व्यावसायिक निर्णयानं चाळीस वर्षं मुलं गाळली. माझं मत दोघांनाही आवडत नाही. टेस्ट गेली ते उत्तम झालं. तिनं मुलाचं गणित कमी आणि नशीब जास्त मोजलं. पहिल्याच वर्षात वरचं गणित पार करणारी मुलं राज्यभर खूप वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हायस्कूल सोडून वीस वर्षं झालेली ती नर्सिंग असिस्टंट जेव्हा स्वतः येऊन म्हणते, “मला आधी साधं बीजगणित शिकवा, मला भीती वाटते”, तेव्हा तिला देण्यासारखा कोर्स आता आमच्या पुस्तकात उरलेला नाही. तो ठेवायचा की नाही हे तिला आणि मला ठरवू द्यायला हवं होतं. रोग्यांना चुकीचं औषध दिलं म्हणून डॉक्टरच्या हातातून प्रिस्क्रिप्शनचं पॅड काढून घेणं हा इलाज नव्हे.

(तुलना पुन्हा डॉक्टरचीच झाली. मराठी घरात वाढल्याचा परिणाम.)

आता त्या विषयाकडे येते ज्याच्यामुळे हे पत्र मंडळांना लिहायचं ठरवलं. आमच्यातले दोन तृतीयांश शिक्षक पार्ट-टाइम आहेत. आणि त्यांत आपल्या बायका कितीतरी आहेत.

तुम्ही त्यांना ओळखता. पुण्याहून, नागपूरहून, पणजीहून एम.एस्सी. किंवा एम.ए. करून आल्या, एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवरच्या जोडीदार-व्हिसावर, काही वर्षं घरात बसल्या, मग २०१५ नंतर काही एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळू लागली तशा जवळच्या कॉलेजात एक-दोन वर्ग घेऊ लागल्या. मंडळात त्यांची ओळख नवऱ्याच्या कंपनीच्या नावानं होते. त्यांना विचारलं तर त्या स्वतःच म्हणतात, “काही नाही हो, असंच थोडं शिकवते.” वर्गात चाळीस माणसं, त्यांतल्या दहा जणांचं पुढचं शिक्षण या एका कोर्सवर अडलेलं, आणि हे ‘असंच थोडं’!

पार्ट-टाइम म्हणजे कमी काम, असं वाटत असेल तर एक हिशोब सांगते. कायद्यानं एका डिस्ट्रिक्टमध्ये (एका विश्वस्त मंडळाखालची एक किंवा अधिक कॉलेजं) पार्ट-टाइम शिक्षकाला पूर्ण वेळाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त शिकवता येत नाही. २००८ पर्यंत ती मर्यादा ६० टक्के होती. म्हणून माणूस दोन-तीन डिस्ट्रिक्टमध्ये वर्ग घेतो आणि बेरीज पूर्ण वेळाच्याही वर जाते. सकाळी फ्रीमाँट, दुपारी सॅन होजे, संध्याकाळी सॅन मटेओकडे. अशांना इथे फ्रीवे फ्लायर म्हणतात. मीही त्यांतलीच होते. गाडीच्या डिकीत एका खोक्यात मार्कर, दुसऱ्यात तपासायचे गठ्ठे, तीन कॉलेजांची तीन ओळखपत्रं, पार्किंगचे तीन परवाने, तीन ईमेल. एका कॉलेजचा पासवर्ड दुसऱ्यात घालून वैतागायचं. विद्यार्थी विचारायचा, “प्रोफेसर, तुमचं ऑफिस कुठे?” ऑफिस नव्हतं. पार्किंगमध्ये बॉनेटवर कागद पसरून मी कितीदा तरी इंटिग्रेशन समजावलंय. समोरच्याला त्याचं काही वाटत नाही, आपल्याला वाटतं.

आणि उन्हाळा आला की बेरोजगार भत्ता. हसू नका, हे कायदेशीर आहे. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं सेर्विसी खटल्यात निकाल दिला, की पार्ट-टाइम शिक्षकाला पुढच्या सेमिस्टरच्या वर्गाची खात्री नसते, विद्यार्थी कमी पडले की वर्ग रद्द होतो, म्हणून दोन सेमिस्टरच्या मधल्या काळात तो बेरोजगारच धरायचा. म्हणजे मे महिन्यात पदवीदानाला झगा घालून मिरवणुकीत चालायचं आणि जूनमध्ये भत्त्याचा अर्ज भरायचा. ज्याची दर सहा महिन्यांनी नोकरी संपते त्याला आपल्या व्यवसायाबद्दल ठाम आवाजात बोलता येत नाही. तो सिनेटमध्ये हात वर करत नाही, विद्यार्थ्याला नापास करताना दोनदा विचार करतो, आणि मंडळात “असंच थोडं” म्हणतो. १९८८ च्या त्याच कायद्यात उद्दिष्ट लिहिलंय, की ७५ टक्के शिकवणं पूर्ण वेळ शिक्षकांनी करावं. राज्याचा एकूण आकडा तिथे आजवर पोचलेला नाही.

महाराष्ट्रातून आलेल्यांना हे नवं नसावं. नेट-सेट होऊन, पीएच.डी. करून वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी आहेत. त्यांच्याबद्दल आपण हळहळतो, सरकारला शिव्या घालतो. इथे तेच आपल्या पुढ्यात घडतंय आणि ते आपल्याला दिसत नाही, कारण इथल्या बायकोच्या पगारावर घर चालत नाही असं आपण गृहीत धरलंय.

तर मंडळांकडे माझं मागणं आहे, आणि ते सगळं फुकटात होण्यासारखं आहे.

मार्गदर्शनाच्या कार्यक्रमाला जवळच्या कम्युनिटी कॉलेजातला एक काउन्सेलर आणि एक शिक्षक बोलवा. शेवटच्या पाच मिनिटांत ‘इतर पर्याय’ म्हणून नको. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बदली होऊन येणाऱ्या दहा विद्यार्थ्यांतले नऊ आमच्याकडून जातात, स्टेट युनिव्हर्सिटीच्या पदवीधरांतले जवळपास निम्मे आमच्याकडून गेलेले असतात. त्यांना घडवणारी माणसं मंचावर असायला हरकत काय? ते तुम्हाला सांगतील, की कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांची ४६ डॉलर युनिटप्रमाणे ६० युनिट म्हणजे २,७६० डॉलर फीमध्ये पहिली दोन वर्षं होतात. आणि हेही सांगतील, की सगळ्यांनी यावं असं नाही. ज्या मुलाला घरातून बाहेर पडण्याचीच गरज आहे, किंवा ज्याच्या विषयात पहिल्या वर्षापासून मोठी प्रयोगशाळा लागते, त्याला मी स्वतः सांगते, बाबा, तू इकडे येऊ नकोस. हे सल्लागार सांगणार नाहीत. त्यांना आमच्याकडे काय आहे आणि काय नाही, दोन्ही माहीत नसतं.

मंडळात शिकवणाऱ्या बायकांची ओळख करून देताना विषय आणि कॉलेज सांगा. नवऱ्याची कंपनी नंतर सांगितली तरी चालेल, किंवा नाही सांगितली तरी.

तिसरं मागणं नागरिकत्व मिळालेल्यांकडे. कॅलिफोर्नियातल्या जवळपास प्रत्येक कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टचं विश्वस्त मंडळ निवडून येतं. मतपत्रिकेवर ती नावं पार तळाशी असतात, आणि आपल्यातले बहुतेक तिथे पोचेपर्यंत कंटाळून कोणतंही एक नाव भरतात. पार्ट-टाइम शिक्षकांच्या आरोग्यविम्यासाठी राज्यानं २०२२ च्या बजेटमध्ये दरवर्षी २० कोटी डॉलर ठेवले. पण ते घ्यायचे की नाही हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपापल्या करारात ठरवतं. उमेदवार तुमच्या दारावर किंवा मंडळाच्या स्टॉलवर मतं मागायला येईल, तेव्हा एकच विचारा: आपल्या डिस्ट्रिक्टनं ती योजना घेतली का, आणि पार्ट-टाइम शिक्षकाला ऑफिस-अवरचे पैसे मिळतात का? पहिल्यांदा तो गडबडेल. तिसऱ्या मंडळात विचारल्यावर उत्तर पाठ करून येईल, आणि उत्तर पाठ करावं लागलं की कधीकधी कामही करावं लागतं.

पालकांना वेगळं काही सांगत नाही. फक्त तुमच्या मुलानं आमच्याकडे यायचं ठरवलं, तर त्याला पाहुण्यांसमोर ‘सध्या’ हा शब्द लावू नका. “सध्या कम्युनिटी कॉलेजात आहे” असं आई म्हणते तेव्हा मूल खाली बघतं, मी पाहिलंय. आणि तीच मुलं पहिल्या महिन्यात ऑफिस-अवरला येत नाहीत, कारण इथे मदत मागितली तर आपण खरंच ‘तसले’ आहोत हे सिद्ध होईल अशी त्यांना धास्ती असते. ती धास्ती घालवण्यात माझा अर्धा सेमिस्टर जातो.

आणि ज्यांची मुलं आत्ता आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांच्यासाठी एक तातडीचं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी पात्र मुलांना प्रवेशाची हमी देणारा ‘टॅग’चा अर्ज असतो. तो एकाच ठिकाणी करता येतो आणि १ ते ३० सप्टेंबर एवढीच मुदत असते. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. सप्टेंबर म्हणजे नेमके आपले गणपतीचे दिवस, मुलं ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसला आणि आईबाप प्रसादाच्या याद्यांत, त्यात दरवर्षी कुणाचा ना कुणाचा अर्ज राहतो. तेव्हा आरतीनंतर पार्किंगच्या आणि चपलांच्या सूचना देता, त्यांत ही एक सूचना घाला. युनिट्स जुळतात का ते मुलानं ऑगस्टमध्येच काउन्सेलरकडून तपासून घ्यावं. सप्टेंबरात त्यांची वेळ मिळत नाही.

आपली,
कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजातली गणिताची प्राध्यापक